रस्ता सांगायची सवय

“हे तुम्ही कोणाला सांगताय?”

शेजारी बसलेल्या मोटार इन्स्पेक्टरसाहेबांनी अगदी सहज विचारलं. आवाजात राग नव्हता, जरबही नव्हती. तरी हरिदासचा पाय क्लचवरून निसटला, टिप्परनं एक आचका दिला आणि वर्ध्याच्या भर बाजारात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध, गाडी बंद पडून उभी राहिली. मागच्या टांगेवाल्यानं ठेवणीतली एक शिवी हासडली. समोरून रस्ता ओलांडणारी बाई दचकून दोन पावलं मागे सरली आणि मग उगाचच हसली.  आपण काय बोलत होतो ते हरिदासला आता, बोलून झाल्यावर, ऐकू आलं. “डावीकडून सायकल. पुढं टांगा, उभाच आहे. बाई निंगाली, लेकरू कडेवर.” ज्या माणसाच्या एका सहीवर लायसन मिळायचं की नाही ते ठरणार होतं, त्याच्याच शेजारी बसून तो ट्रायलच्या मैदानापासून इथपर्यंतचा सगळा रस्ता मोठ्यानं सांगत आला होता.

“सवय आहे, साहेब,” तो म्हणाला. “माझं मलाच सांगतो.”

“सवय वाईट नाही,” साहेब म्हणाले. “पण ड्रायव्हरला रस्ता दिसत असतो. त्याला कुणी सांगावा लागत नाही. कुणाच्या हाताखाली शिकलात?”

“रूपराव उस्तादांच्या. जामच्या रस्त्याच्या कामावर.”

“ते आज आलेत ना? त्यांचं लायसन पुढं चालू करून घ्यायला?”

“हो, साहेब.”

“हं,” साहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. “चला. सुरू करा गाडी.”

सेल्फ कधीचाच गेलेला होता. हरिदास खाली उतरला, गाडीच्या नाकाशी वाकून त्यानं हॅण्डल मारलं. त्या ‘हं’मध्ये काय होतं? पुढे कितीतरी वर्षं, गाड्या बदलल्या, रस्ते डांबरी झाले, तरी त्याला ते ठरवता आलं नाही. कदाचित काहीच नसेल. उन्हाळ्याचे दिवस, सकाळपासून एकामागून एक नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेला माणूस. त्यानं ‘हं’ म्हटलं तर त्यात एवढं काय? पण हरिदासला त्या क्षणी वाटलं की साहेबांना सगळं कळलं. क्लीनरनं रस्ता बोलायचा असतो तो कुणासाठी, हे शहाण्या माणसाला कळायला कितीसा वेळ लागतो? आणि तिकडे मैदानात, चिंचेखाली, धुतलेलं धोतर आणि ठेवणीतला कोट घालून उस्ताद बसले होते. टिप्परच्या आवाजाकडे कान लावून बसले असणार. गाडी बंद पडल्याचंही त्यांनी तिथून ऐकलं असेल की काय, असं त्याला वाटून गेलं. त्यांच्या कानांचा नेम नव्हता.

टिप्पर म्हणजे मागची लोखंडी पेटी उचलून मुरूम-गिट्टी ओतणारा ट्रक. त्यांचा टिप्पर लढाईतला. फौजेनं मोडीत काढलेला, मग कुणीतरी पाठीवर पेटी आणि पोटाशी जॅक बसवून पुन्हा उभा केलेला. रूपराव उस्तादही लढाईतलेच. बर्म्याच्या बाजूला डोंगरातून तोफखान्याच्या गाड्या नेलेले. मोडीत निघालेल्या दोघांची गाठ ठेकेदारानं घालून दिली, असं ते स्वतःच हसून सांगत. हरिदास रोहण्याहून कामाच्या शोधात जामला आला तेव्हा तिथल्या नाक्यावर चार ड्रायव्हरांनी त्याला गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि आडनाव ऐकल्यावर त्यांचं बोलणंच संपलं. गाडीच्या नाकावर कॅनव्हासची छागल टांगलेली असते, तिच्यातलं पाणी ड्रायव्हर दिवसभर पितो, आणि ती भरायचं काम क्लीनरचं. कोण कशाला आपल्या पाण्याला असल्या पोराचा हात लावून घेईल? त्या वेळी बौद्ध धम्माची दीक्षा अजून व्हायची होती. झाली असती तरी नाक्यावरच्या लोकांना फार फरक पडला नसता. उस्तादांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांनी छागल काढून त्याच्या अंगावर टाकली आणि म्हणाले, “विहिरीवर पाणी भरता येते ना? मंग भर.” भरून आणल्यावर नाक्यावर सगळ्यांच्या देखत तोंड वर करून गटागटा प्याले, मिशा पुसल्या, आणि त्याबद्दल तेव्हा किंवा नंतर कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्या ऑक्टोबरात हरिदास नागपूरला दीक्षेला निघाला तेव्हा म्हणाले, “जाऊन ये. गाडी मी धुतो.” आणि आज सकाळी ट्रायलला निघण्याआधी चाकापुढे नारळ फोडायची वेळ आली, हरिदास बाजूला सरून उभा राहिला, तेव्हा हसले. “तू नको हात लावू बाबू. तुह्या शपथेत बसत नाई ते. मी फोडतो. गाडीले कोणाचाबी नारळ चालते.” खोबऱ्याचा तुकडा मात्र त्यांनी त्याच्या हातावर ठेवला, आणि त्यानं तो खाल्ला.

शिकवणं त्यांचं काही औरच होतं. पहिले कित्येक महिने त्यांनी त्याला स्टिअरिंगच्या चाकाला हात लावू दिला नाही. आधी ऐकायला शिक, म्हणाले. गिअर कधी मागतो, इंजन कधी दमतं, लोड असताना चढावर आवाज कुठून जड होतो. मग डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबणं. “गिअर इंजनाच्या हातात दे, त्याच्या तोंडावर मारू नको.” मग पेटी. पेटी उचलायची तर जमीन सपाट पाहिजे, आधी मागचा फाळका मोकळा करायचा, मग लिव्हर ओढायची. पेटी वर असताना गाडी बोटभरही हलवायची नाही, आणि मागे घेण्याआधी खाली उतरून मागे बघून यायचं, मग मागे शेत असो की ओसाड रान असो. हे सगळं झालं, आणि त्याच्या बरोबरीनं, कदाचित सगळ्यात आधी, ते रस्त्याचं सुरू झालं. “नुसता बसून फुकटची भाकर मोडू नको. काय दिसते ते बोल.” हरिदास बोलू लागला. झाड आहे. बैल आहेत. “झाड काय सांगतं लेका, झाड का आंगावर येणार आहे? जे हालते ते सांग. जे हालणार आहे ते सांग.” मग तो सांगू लागला: डावीकडं म्हातारा, काठी आहे. मोरी आहे, कठडा तुटला. कुत्रं झोपलं, उठून राह्यलं. उस्ताद नुसते “हं, हं” करत आणि गाडी बरोबर तिथून काढत. हरिदासला वाटायचं, काय शिकवायची तऱ्हा आहे! बोलता बोलता त्याची नजर अशी तयार झाली की रस्त्यावरचा बैल कान कुठल्या बाजूला टाकतो त्यावरून तो कुठं वळणार ते त्याला आधी कळे. बाकीचे क्लीनर ड्रायव्हरच्या बाजूला झोपा काढत, आणि हा दिवसभर बडबडत घसा कोरडा करून घेई. नाक्यावर त्याला ‘रेडू’, म्हणजे रेडिओ, म्हणत.

मग एका संध्याकाळी, कापसाच्या गाड्यांचे दिवस होते, ऊन उतरत आलं होतं, हरिदासनं भूक लागली म्हणून फडक्यातली भाकर काढली आणि एक मोठा घास तोंडात कोंबला. बोलणं थांबलं. समोर एक कापसानं भरलेली बैलगाडी रस्त्याच्या मधून चालली होती, डोंगराएवढी, आंधळ्यालाही दिसावी अशी. उस्ताद सरळ तिच्या अंगावर चालले होते. हरिदासनं वाट पाहिली, आता वळवतील, आता वळवतील. मग घास थुंकून तो ओरडला. टिप्पर शेतात उतरला, बैल उधळले, गाडीवान खाली उडी मारून पळाला. कुणाला काही झालं नाही. उस्ताद बराच वेळ चाकावर हात ठेवून बसून राहिले, आणि मग इतक्या हळू आवाजात म्हणाले की हरिदासला ते पुन्हा विचारावंसं वाटलं, “तुह्या तोंडात घास होता ना.” एवढंच. त्या एका वाक्यानं त्याला सगळं कळलं, आणि आपण शिकत होतो ते काय होतं तेही कळलं. उस्तादांच्या डोळ्यांवर जाळं आलं होतं. माणसाचा आकार दिसे, माणूस दिसत नसे. त्यानंतर त्यांच्यात या गोष्टीचा उल्लेख झाला नाही. हरिदास रस्ता सांगत राहिला, पण आता डोळ्यांत तेल घालून, आणि चालू गाडीत त्यानं पुन्हा कधी काही खाल्लं नाही.

बोरगावला, वर्ध्यालगतच्या मेघ्यांच्या बोरगावात, त्यानं एक खोली भाड्यानं घेतली होती. आठवड्याला एक दिवस तो घरी जाई. सुलोचना, त्याची बायको, सात बुकं शिकलेली, स्पष्ट बोलणारी. तिच्यापासून त्यानं हे लपवलं नाही. ती ऐकून घेई, चुलीतलं लाकूड मागे-पुढे करी, आणि एकदा म्हणाली, “उस्ताद भले मानूस आहेत, मी नाई म्हणत नाई. पण किती दिवस झाकसान तुमी? एखाद्या दिवशी कोणाचं लेकरू खाली आलं तं? तवा पाप कोणाचं, त्यायचं का तुमचं?” “चूप,” तो म्हणाला होता. ती चूप बसली, पण थोड्या वेळानं भाकर थापता थापता, जणू दुसरंच काही बोलत असल्यासारखं म्हणाली, “तुमाले लायसन भेटलं तं गाडी तुमीच चालवसान ना.” हे त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं. पण ते कानात गेलं, आणि कानातून पुढेही गेलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यानं स्वतःला उजवीकडच्या सीटवर बसलेलं पाहिलं, डावी सीट रिकामी. तो काही सांगत नव्हता. रस्ता गप्प होता आणि तरी दिसत होता. फार सुखाचं चित्र होतं ते. त्या सुखाची त्याला दुसऱ्या दिवशी लाज वाटली, पण सुख होतं ते होतंच.

आज सकाळी वर्ध्याला येताना गाडी उस्तादांनीच चालवली होती. हरिदास सांगत होता, ते ऐकत होते, आणि सांगण्याच्या मधल्या मोकळ्या जागेत त्यांनी आपला बेत सांगितला. लाजत सांगितला, एखाद्या नवरदेवानं सांगावा तसा. “नवा साहेब आला आहे म्हणते. आमच्यासारख्या म्हाताऱ्यायले उभं करून समोरच्या गाडीचा नंबर वाचाले लावते. चिंचेखाली त्याचा टेबल असते अन् समोरची जागा मोकळी. तुही ट्रायल झाली का गाडी तिथंच आणून लावजो, पाठ टेबलाकडं. ऊन लागन गाडीले, लागू दे. मंग तो आपलीच गाडी दाखवन. तिचा नंबर तं मी झोपेत सांगीन.” आणि जरा थांबून, “एकच डाव, हरिदास. एवढा रस्ता पुरा झाला का सोडतो. तुह्या हातात देतो अन् सोडतो. पण असं कोणी हातातून काढून नाई घेतलं पाह्यजे.” हरिदास म्हणाला, “लावतो उस्ताद. डावीकडं बकऱ्या.”

हॅण्डल मारून तो पुन्हा चाकामागे येऊन बसला. मैदानापर्यंतचा परतीचा रस्ता त्यानं दात आवळून काढला. बोलायचं नाही, बोलायचं नाही. आणि न बोलता गाडी चालवताना त्याला विलक्षण परकं वाटू लागलं. ज्या गोष्टीला नाव दिलं नाही ती दिसूनही न दिसल्यासारखी होत होती. सायकली आल्या आणि गेल्या, एका दुकानापुढे पोती उतरत होती, कुणीतरी हात केला. आपण हे सगळं पाहतोय का, की नुसता काचेतून बाहेर बघतोय? दोन वर्षं दुसऱ्याचे डोळे होऊन राहिलेल्या माणसाला स्वतःचे डोळे वापरायला सुरुवातीला जडच जातं. पण रेल्वेच्या फाटकापाशी येता येता ते जड वाटणं गेलं. गाडी हातात आली. कुणासाठीही न बोलता, एकट्याची, हातात आली. साहेब बाजूला होते हेही तो क्षणभर विसरला. मैदानात त्यानं आठाच्या आकड्यात गाडी फिरवली, खाली उतरून मागे बघून आला आणि मग रिव्हर्स घेतली. साहेब म्हणाले, पेटी उचलून दाखवा. त्यानं फाळका मोकळा केला, लिव्हर ओढली, रिकामी पेटी कुरकुरत वर गेली आणि आभाळाकडे तोंड करून उभी राहिली. ती पूर्ण खाली बसेपर्यंत त्यानं गिअरला हात लावला नाही. “ठीक आहे,” साहेब उतरता उतरता म्हणाले. “पास. गाडी बाजूला लावा आणि टेबलाकडे या.”

त्यानंतरचं थोडंसं त्याला आठवत नाही. हेच ते थोडंसं, जे त्यानं आयुष्यभर उलटून पालटून पाहिलं. चिंचेसमोरची मोकळी जागा उन्हात चकाकत होती. ती त्यानं पाहिली. मैदानाच्या भिंतीशी कडुनिंबांची रांग होती, तिथं दाट सावली होती. तीही पाहिली. मनात साहेबांचा ‘हं’ होता, सुलोचना होती, आपण पास झालो हे होतं, छातीत काहीतरी एवढं मोठं भरून आलं होतं की त्यापुढे बाकीचं सगळं बारीक झालं होतं. चाक फिरलं आणि गाडी सावलीत जाऊन उभी राहिली. गडबडीत असं होतं, कुणाचंही होईल. ट्रायल पास झालेल्या माणसाचं चित्त थाऱ्यावर कुठून असणार? पण दोन वर्षांत उस्तादांनी सांगितलेली एकही गोष्ट तो विसरला नव्हता, छागल भरायचीसुद्धा नाही, आणि नेमकी हीच विसरला. विसरला म्हणजे काय झालं? कुणी विसरायला लावलं?

तो टेबलापाशी पोचला तेव्हा कारकुनानं त्याला सही करायला लावली. सही करताना मागे घरघर ऐकू आली म्हणून त्यानं मान वळवली. कुठल्याशा जिनिंग कारखान्याची एक लॉरी येऊन मोकळ्या जागेत, बरोबर तिथंच, टेबलाकडे पाठ करून थांबली. तिच्या मागे नंबराची पाटी होती, चांगली ठळक. आणि त्याच वेळी साहेबांनी हाक मारली, “रूपराव!”

उस्ताद चिंचेच्या बुंध्याशी उठले. कोट खाली ओढला. ताठ चालत आले, फौजी माणूस येतो तसे. त्यांच्या चालण्यावरून कुणाला काही कळलं नसतं. अंतर फार नव्हतं, पण तेवढ्यात चार शब्द सांगता आले असते. उस्ताद, ती आपली नाही. झोपेतसुद्धा त्याच्या तोंडून रस्ता निघून जायचा, आणि आता तोंड उघडलं नाही. आधी त्याला वाटलं, साहेब समोर आहेत, कसं बोलणार. मग वाटलं, खोकावं तरी. मग वाटलं, उस्तादांना आवाजावरून कळलं असेल. लॉरीचं इंजन आणि आपलं इंजन यातला फरक त्यांना नाही कळणार तर कुणाला कळणार? पण लॉरी आली तेव्हा बाजूला दोन-तीन गाड्या सुरूच होत्या. वाटण्यावाटण्यात वेळ गेला.

“ती समोरची गाडी दिसते?” साहेबांनी विचारलं.

“दिसते ना साहेब.”

“तिचा नंबर वाचा.”

उस्तादांनी डोळे बारीक केले. वाचतोय असं दिसावं म्हणून मान थोडी पुढे केली, थोडी वाकडी केली. ते सोंग त्यांनी छान वठवलं. मग खणखणीत आवाजात म्हणाले, “सतराशे बेचाळीस.”

कारकुनानं वर पाहिलं. लॉरीच्या ड्रायव्हरानंही पाहिलं, आणि त्याला हसू आलं. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, “पुन्हा एकदा वाचा. सावकाश.” उस्तादांना वाटलं आपण घाई केली, पाठ केल्यासारखं बोलून गेलो. म्हणून या वेळी त्यांनी एकेका आकड्याला थांबत, प्रत्येक आकडा जणू धुळीतून उचलून घेत असल्यासारखं म्हटलं, “एक. सात. चार. दोन.” आणि समाधानानं साहेबांकडे, म्हणजे साहेब असतील त्या बाजूला, पाहिलं.

साहेबांनी त्यांना खुर्ची दिली. वाईट वागले असते तर हरिदासला त्यांचा राग तरी करता आला असता. त्यांनी विचारलं किती वर्षं चालवता, लढाईत कुठं होता, घरी कोण कोण आहे. मग जुनं लायसन आपल्याकडे ठेवून घेतलं आणि म्हणाले, “डोळे दाखवून घ्या. ऑपरेशननं बरे होतात. मग या.” उस्ताद “हो साहेब, हो साहेब” म्हणत राहिले. हरिदासच्या हातात नवीन लायसन होतं, त्याच्यावरची शाई ओली होती म्हणून तो ते हवेत धरून उभा होता.

परतताना गाडी हरिदासनं घेतली. दुसरं कोण घेणार होतं? त्यानं ती सावलीतून काढून मैदानाच्या तोंडाशी आणली; तिथं उस्तादांनी दार चाचपलं आणि ते डावीकडून चढून बसले. बसल्यावर काही वेळ हात सीटवर सपाट ठेवून बसले. गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी शेतं तापून पडली होती आणि पळस केव्हाचाच फुलून झडला होता. हरिदास काही सांगत नव्हता. उस्तादांनीही ‘बोल’ म्हटलं नाही. मधे एकदा म्हणाले, “दुसऱ्यात घे. दमून राह्यली ते.” मग बऱ्याच वेळानं, काही फार महत्त्वाचं नसल्यासारखं, त्यांनी विचारलं, “गाडी तिथंच लावलती ना?”

हरिदासला हे विचारलं जाणार हे ठाऊक होतं. मैदानापासून तो त्याचीच वाट पाहत होता, आणि खरं सांगायचं असंच त्यानं ठरवलंही होतं. भूल पडली उस्ताद. माफ करा. गाडी सावलीत गेली. पण तोंड उघडलं तेव्हा निघालं ते असं, “तिथंच लावलती उस्ताद. साहेबानं दुसऱ्याच गाडीकडं बोट दाखवलं.”

“असं होय,” उस्ताद म्हणाले. “मंग कोणाचाच इलाज नाई.”

एकदा बोलून झाल्यावर हरिदासचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडलेल्या जिवाला कारणं सुचू लागली. झालं ते एका परीनं बरंच झालं. कुणाचं लेकरू चाकाखाली आलं असतं म्हणजे? सुलोचना म्हणत होती ते खोटं थोडंच होतं? उस्तादांच्याही भल्याचंच आहे. आता डोळ्यांचं काहीतरी होईल. ही सगळी कारणं चांगली होती. एकही खोटं नव्हतं. फक्त ती गाडी सावलीत नेताना त्याच्या मनात नव्हती, ती आता येत होती, काम झाल्यावर हजेरी लावायला आलेल्या मजुरांसारखी.

जामला कामावर पोचले तेव्हा ऊन कलत आलं होतं. ठेकेदाराचे सुपरवायझर प्रभाकरराव खाटेवर बसून चहा पीत होते. गाडी थांबताच ते उठून आले. उजवीकडे हरिदासला पाहून त्यांना काय ते अर्धं कळलं, तरी त्यांनी उस्तादांनाच विचारलं.

“काय रूपराव, झालं का काम?”

“याचं झालं. पहिल्याच डावात पास. माह्यं नाई झालं. डोळे दाखवा म्हणते.”

प्रभाकररावांनी जीभ चुकचुकवली. मनापासून चुकचुकवली. “मग कसं करायचं? उद्यापासून पुलाजवळचा भराव आहे, भरल्या खेपा न्यायच्या आहेत. आठेक दिवस दुसऱ्या गाडीवर भागवू का? तुम्ही सांगा.”

त्यांनी उस्तादांना विचारलं होतं. उस्तादांनी तोंड उघडलंही होतं. “आठ दिवस तं...” एवढं ते म्हणाले.

“मी आहे ना साहेब,” हरिदास म्हणाला. “मी नेतो उद्यापासून.”

त्याचा आवाज त्यालाच केवढा तरी मोठा वाटला. प्रभाकररावांनी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, “बरं, तर मग,” म्हणाले, आणि थंड झालेला चहा प्यायला गेले. इंजन बंद होतं. उस्ताद डाव्या सीटवर तसेच बसून होते. हरिदासला आता कुणी विचारायची गरज उरली नव्हती. मैदानात चाक कुणी फिरवलं होतं ते त्याचं त्याला कळलं होतं.

“हरिदास,” उस्ताद म्हणाले.

“जी उस्ताद.”

“शीट गार होती रे.” त्यांच्या आवाजात राग शोधला तरी सापडला नसता. “एवढ्या उन्हात गाडी खुल्या जागेत उभी राह्यली असती तं बसवलं नसतं. चढलो तवाच समजलं मले.”

म्हणजे वाटेत त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून विचारलं होतं. 

“भूल होते माणसाची. मी म्हणलं, सांगन. तू सांगतलं असतं तं मी इथंच बसून राह्यलो असतो आठ-पंधरा दिवस, तुह्या बाजूले. लोडाची गाडी तू अजून एकट्यानं नेली नाई. भरावावर कडेची माती कशी बसते ते तुले माहीत नाई. ते दाखवाचं राह्यलं होतं.” त्यांनी दार उघडलं, पाय खाली सोडला आणि जमीन लागेपर्यंत थांबले. “आता माह्याच्यानं नाई बसवत.”

ते उतरले आणि आपल्या झोपडीकडे चालू लागले. त्यांची बायको रुख्माबाई दारात उभी होती. तिनं दुरूनच विचारलं, दोघांचंही झालं का. उस्ताद काय म्हणाले ते हरिदासला ऐकू आलं नाही. तो तसाच चाकामागे बसून राहिला, आणि उद्या भरावाच्या कडेला गाडी किती अंतरावर उभी करायची हे कुणाला विचारावं, याचा विचार करू लागला.